चाचणीला उतरण्यापूर्वी

ट्रॉय, मिशिगन
१२ जानेवारी २०२४

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मंगळवारी फोनवर माझा आवाज चढला आणि आईने फोन काढून घेतला, म्हणून राहिलेले लिहून कळवतो. सोमवारी रात्री ह्यूस्टनमध्ये विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ असे हरवून, एकही सामना न गमावता, १५-० असा हंगाम पुरा केला, तेव्हा मीही उठून ओरडलो होतो, हे तिने तुला सांगितले असेलच. त्या विजयाच्या भरात तू वॉक-ऑनच्या, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात येणाऱ्यांच्या, चाचणीला उतरणार असल्याचे जाहीर केलेस. नाही म्हणायचे नाही, असे ठरवूनच मी लिहायला बसलो आहे.

मला सर्वांत आवडला तो पेन स्टेटविरुद्धचा सामना. आदल्याच दिवशी आपले मुख्य प्रशिक्षक हार्बॉ यांना मैदानावर येण्यास बंदी झाली, त्यांचे सहायक शेरॉन मूर यांनी सूत्रे हाती घेतली, आणि उत्तरार्धात एकाही पासची नोंद नसताना आपण २४-१५ असे जिंकलो. हा सामना लाइनने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणाऱ्या पुढच्या फळीने, जिंकला, असे तू म्हणालास आणि मला ते पटले. तू शाळेकडून खेळायचास तेव्हा चेंडू कुणाकडे आहे हे मला कधी कळलेच नाही, कारण मी सगळा वेळ तुझ्या पाठीवरचा नंबर शोधत असे. लोक टाळ्या कशासाठी वाजवत आहेत, हे शेजारच्यांना विचारावे लागे.

पण ओहायो स्टेटच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला आपल्या झॅक झिंटरचा पाय मोडला. तोही गार्ड, म्हणजे लाइनमधली तुझीच जागा. त्याला गाडीवरून बाहेर नेल्यावर पुढच्याच खेळीत आपल्या कोरमने २२ यार्ड धावून टचडाउन केले आणि बोटांनी झिंटरचा ६५ हा नंबर दाखवला. सारे स्टेडियम उसळले, त्यात तूही होतास. मी मात्र त्याचे आईवडील कुठे बसले असतील, याचाच विचार करत राहिलो.

तरी हाड जुळते. विजूकाकाचा कबड्डीतला गुडघाही ठीक झालाच. डोक्याचे तसे नाही. हेल्मेट कवटी वाचवते, पण आत मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. आणि लाइनमनला तर जवळपास प्रत्येक खेळीला धडकावे लागते. सीटीईचे, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या आजाराचे, निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावरच होते. हे व्याख्यान झाले, क्षमा कर. परंतु अकरावीत त्या रात्री गाडीत तू “आपण जिंकलो का?” असे विचारलेस, मी हो म्हणालो, आणि पुढच्या सिग्नलला तू तेच, तितक्याच आनंदाने, पुन्हा विचारलेस. घर येईपर्यंत तेच चालले होते. तुला त्यातले काही आठवत नाही, म्हणून तुला ते हसण्यावारी नेता येते.

अंगापिंडाने आणि चिकाटीने तू कुणाला हार जाणारा नाहीस. प्रशिक्षकांनी तुला घेतले तर मी ते साऱ्या मंडळात सांगत फिरेन, आणि नाही घेतले तर मला हायसे वाटेल, हेही लपवत नाही.

संक्रांतीच्या वड्यांचा डबा आईने पाठवला आहे. त्याच खोक्यात तळाशी अकरावीतल्या डॉक्टरांची फाइल ठेवली आहे; ती संघाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणत्याही फॉर्मवर सही करू नकोस.

तुझा,
बाबा