बिलियर्ड्सचे मार्कर आणि त्यांची विद्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुण्या-मुंबईच्या उपनगरांत गेल्या काही वर्षांत पूल आणि स्नूकरची पार्लर भराभर निघाली असून संध्याकाळी तेथे महाविद्यालयीन मुलांची गर्दी असते, याचा माझ्यासारख्या जुन्या बिलियर्ड्सप्रेमीला मनापासून आनंद आहे. मात्र तासाच्या भाड्याने टेबल मिळाले, तरी क्यू, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, कसा धरायचा हे शेजारी उभे राहून सांगणारे तेथे सहसा कोणी नसते. जिमखान्यांत हे सांगणारे असत ते मार्कर, म्हणजे टेबलापाशी गुण मांडणारे कर्मचारी. त्यांच्याविषयी हे पत्र.

पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला तो पहिला भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी हे विजेतेपद पुन्हा जिंकले, तेव्हा त्याच स्पर्धेत मुंबईचे तरुण मायकेल फरेरा उपांत्य फेरीपर्यंत पोचले होते. पुढे १९७७, १९८१ आणि १९८३ साली फरेरा स्वतः जगज्जेते झाले. स्पर्धात्मक खेळ थांबवल्यावर जोन्स शिकवण्याकडे वळले आणि १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पुण्यातच जन्मलेला बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणी बेंगळुरूत वाढला आणि तेथे माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सवूर यांच्या हाताखाली तयार झाला. या खेळात मोठ्या खेळाडूमागे असा कोणीतरी जाणता माणूस बहुधा असतोच.

फरेरा यांचा खेळ पाहण्याचे भाग्य मला लाभले. लाल चेंडू ठिपक्यावर, दुसरा पांढरा वरच्या गादीजवळ, म्हणजे टेबलाच्या वरच्या रबरी कडेजवळ, आणि फरेरा एकदा लाल चेंडू पॉकेटमध्ये घालणार, एकदा कॅनन घेणार, म्हणजे आपला चेंडू इतर दोन्ही चेंडूंना लावणार. चेंडू जेमतेम हातभर अंतरात फिरत आणि मार्कर संथ आवाजात गुण पुकारत राही. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी ११४९ गुणांचा ब्रेक केला, म्हणजे एकाच पाळीत न चुकता सलग एवढे गुण घेतले. एका ब्रेकमध्ये हजाराचा टप्पा ओलांडणारे ते पहिले हौशी खेळाडू. दोन-तीन गुणांच्या फटक्यांनी जमवलेला हा आकडा म्हणजे सर्वसाधारणपणे चारशेहून अधिक फटके न चुकता खेळणे होय, हे लक्षात घेतले की त्यामागच्या तालमीचा अंदाज येतो.

ती तालीम काय असते, हे मला दाखवले आमच्या जिमखान्यातील एका मार्करने. गुण मांडणे, टेबलाचे कापड ब्रशने साफ करणे, क्यूंची टोके बदलणे ही त्याची नेमून दिलेली कामे होती. शिकवणे त्याच्या कामात मोडत नव्हते. सुरुवातीला कित्येक दिवस त्याने मला दुसऱ्या चेंडूला हातही लावू दिला नाही. एकच पांढरा चेंडू स्नूकरमधील तपकिरी चेंडूच्या ठिपक्यावर ठेवायचा, निळ्या, गुलाबी आणि काळ्या चेंडूच्या ठिपक्यांवरून सरळ वरच्या गादीवर मारायचा आणि तो त्याच रेषेवरून परत क्यूच्या टोकाशी आला पाहिजे. चेंडू बोटभर जरी बाजूला आला, तरी क्यू मध्यावर बसला नाही हे उघड होई. तो स्वतः चेंडूकडे पाहतच नसे, माझ्या मागे उभा राहून कोपराकडे पाही. “बाळ, फटका मारल्यावर लगेच उठू नकोस, चेंडू थांबेपर्यंत वाकलेलाच राहा,” एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगे. कोपर बाहेर जाते किंवा मान आधीच वर येते, हे खेळणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. हल्ली मोबाइलवर उत्तमोत्तम खेळाडूंचे सामने पाहता येतात आणि मुलांनी ते जरूर पाहावेत, पण आपले कोपर कोठे चुकते हे दाखवायला मागे माणूसच उभा असावा लागतो.

अशा मार्करांच्या हाताखाली राज्यात किती खेळाडू घडले असतील! त्यांची नावे जिमखान्यांच्या फलकांवर नसतात. त्यांच्यातील बरेच जण आता निवृत्त झाले आहेत आणि त्यांची विद्या वापराविना पडून आहे.

माझी विनंती राज्य संघटनेला आणि जिमखान्यांच्या व्यवस्थापनांना आहे. दुपारच्या वेळी अनेक ठिकाणी टेबले कापडाखाली झाकलेली असतात. ते तास सभासद नसलेल्या शालेय मुलांना माफक शुल्कात द्यावेत आणि शिकवण्यासाठी निवृत्त मार्करांना योग्य मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. संघटनेने त्यांच्यासाठी छोटा प्रशिक्षण वर्ग घेऊन प्रशिक्षक म्हणून प्रमाणपत्र दिले, तर पार्लरचालकही त्यांना कामावर घेऊ शकतील. आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर अशा जुन्या मार्करांच्या मुलाखती छापाव्यात, अशीही विनंती आहे. त्यांच्यापैकी काही जण अजून पुण्यातच राहतात आणि विचारले तर ते आनंदाने बोलतील, याची मला खात्री आहे.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे