मॅडम, आधी तुमच्या गालात फिरलेल्या त्या ब्रशसाठी

आदरणीय मॅडम,

सोमवारी माझी व्हायवा, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, झाली. परीक्षकांनी 'डॉक्टर' म्हणून हाक मारली आणि मला एकदम सिन्नरची आमची ओसरी आठवली. त्या दिवसापासून हे पत्र लिहायला बसतेय, पण डोळे भरून येतात आणि राहून जातं. आज लिहितेच, आणि सगळ्यांसमोर लिहिते.

तुमच्याकडे येण्याआधीची माझी दोन वर्षं दुसऱ्या एका मार्गदर्शकांकडे गेली. त्यांना मीच आमच्या वस्तीत नेलं होतं. विड्या वळणाऱ्या बायकांच्या गालातून त्यांनी पेशी खरवडून घेतल्या, कागदावर अंगठे घेतले आणि गाडीत बसून निघून गेले. वर्षभर बायका मला विचारायच्या, "आमचं काय निघालं गं?" सरांना विचारलं तर म्हणाले, "सॅम्पलला कोणी रिपोर्ट देतं का?" त्या सॅम्पलमध्ये माझी आई होती. मला ते अजून बोचतं.

म्हणून तुमच्याबरोबर पुन्हा त्याच ओसरीवर आले तेव्हा एकही बाई मान वर करेना. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटं चालू. तुम्ही चपला काढून आईशेजारी जमिनीवर बसलात. पिशवीतून मऊ केसांचा छोटा ब्रश काढलात आणि काही न बोलता आपल्याच गालात घातलात. चांगला दहा वेळा फिरवलात. काचपट्टीवर टेकवून कोपऱ्यात पेन्सिलीनं शून्य काढलंत आणि पट्टी आईच्या हातात दिलीत. "ही माझी. तुमच्या मनात असेल तर तुमची घेऊ." आईनं पट्टी उजेडाकडे धरून पाहिली. मग सूप बाजूला सरकवलं, पदरानं ओठ पुसले आणि तोंड उघडलं. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

प्रबंधात त्या दुपारची एकच ओळ आहे: 'गालाच्या आतल्या पेशी गोळा केल्या.' माझं सगळं काम त्या ओळीवर उभं आहे, मॅडम.

तुमचं उभं आयुष्य डीएनएची मोडतोड मोजण्यात गेलं. एखादा पदार्थ जिवाणूंच्या डीएनएत बदल घडवतो का, ते पाहणाऱ्या एम्स चाचणीच्या बशांमधल्या जिवाणूंच्या वसाहती तरुणपणी मोजल्यात, पुढे माणसांच्या पेशी. मला वाचायला पहिल्यांदा काय दिलंत, आठवतं? परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे यांच्या गटानं १९८० च्या दशकात मशेरीवर केलेले प्रयोग. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड जिवाणूंच्या डीएनएत बदल घडवते, प्राण्यांमध्ये गाठी उठवते. आमच्या चुलीवरचा तवा शास्त्रीय नियतकालिकात भेटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तंबाखूतल्या नायट्रोसमाइन नावाच्या घातक रसायनांचं रूप आपल्याच शरीरातली विकरं (एन्झाइम्स) पालटतात आणि मग ती डीएनएला चिकटतात, हे मला तोंडपाठ होतं. पण बायकांना सांगायची वेळ आली तेव्हा जीभ अडखळली. तुम्ही सूक्ष्मदर्शक एसटीत मांडीवर धरून आणलात आणि आईला डोळा लावायला सांगितलंत. "मोठा गोळा दिसतो ना, ते पेशीचं केंद्रक. शेजारी बारका ठिपका आहे बघा. एका पेशीच्या दोन होताना एखादा तुकडा तुटून बाहेर राहतो, तो हा. माझ्यातही आहेत, तुमच्यात जास्त आहेत. म्हणजे कॅन्सर झालाय असं नाही. पण तंबाखू सोडायला हवी." तिथल्या प्रत्येकीला तुम्ही तिची पट्टी दाखवलीत. परतीची शेवटची गाडी चुकली, तर आमच्याकडे भाकरी खाऊन राहिलात.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली. दुसऱ्याचं तोंड उघडायला लावण्याआधी आपलं उघडणारं माणूस मात्र क्वचित भेटतं, आणि एक भेटलं तरी पुरतं. पुढे कुठल्याही वस्तीत गेले तरी पहिला ब्रश माझ्या गालात फिरेल.

शून्याची ती पट्टी मी जपून ठेवली आहे, डब्यातल्या पहिल्या खाचेत. आई दिवसातून पाच वेळा मशेरी लावायची, आता एकदाच लावते. सकाळची तेवढी सुटत नाही. तुम्हाला भेटायला येताना ती मशेरीची डबी बरोबर आणणार आहे, तुमच्या हातात द्यायला. रविवारी येतो आम्ही.

तुमची विद्यार्थिनी