तीर्थरूप आई-बाबांस, माझा गृहपाठ

सांगली 416416
रविवार, 18 जानेवारी 2026

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत, कुणाला काही झालेलं नाही आणि पैसेही नको आहेत. हे पत्र म्हणजे माझा गृहपाठ आहे. आठवी ब नं मला दिलेला.

आई, तू मोठ्यानं वाच. बाबा, तुम्ही आधी कानातलं मशीन लावा आणि लाल पेन खिशात ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू.

फोनवर हे सगळं सांगता येत नाही म्हणूनही लिहितेय. मागच्या रविवारी मी घसा फोडून सांगत होते, "बाबा, मुलं वर्गात गमती करतात." तुम्ही म्हणालात, "गवती चहा कशाला पाठवतेस, इथं कुंडीत आहे की." मग मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

झालं असं की मी पत्रलेखन शिकवत होते. मायना, मजकूर, शेवट, पत्ता, सगळं रीतसर. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, तुम्ही शेवटचं पत्र कधी लिहिलं?" मी आठवायला लागले. शाळेचे अर्ज सोडले तर काही आठवेना. माझा चेहरा वाचायला या पोरांना धड्यापेक्षा कमी वेळ लागतो. मागून लगेच आवाज आला, "मग आमच्याच मागं का लागलाय?" शेवटी तह झाला. प्रत्येकानं एक पत्र पोस्टात टाकायचं, मीही एक टाकायचं. पुरावा म्हणून तुमचं उत्तर वर्गात दाखवायचं. तेव्हा बाबा, उत्तर लिहा, पण जपून लिहा. बावन्न जण वाचणार आहेत.

मी पोस्टातून पोस्टकार्डं आणली. अजून 50 पैशांनाच मिळतं, बरं का. हे सांगितल्यावर वर्गाला पत्रापेक्षा किमतीचंच आश्चर्य. एकजण म्हणाला, "पन्नास पैसे कुणी घेतच नाही आता. म्हणजे एक पायजे असलं तरी दोन घ्यायला लागणार." त्याच्या बापाचं किराणा दुकान आहे, हे सांगायला नकोच. दुसऱ्यानं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मॅडम, ह्याला झाकण न्हाय? पोस्टमननं वाचलं तर?" वाचेनात का, म्हटलं. तो शेजारच्याला म्हणाला, "एन्क्रिप्टेड न्हाय रे हे." मग पोचलं हे कसं कळणार, ब्ल्यू टिक कुठं येणार, यावर चर्चा सुरू झाली. मी म्हटलं, उत्तर आलं की समजायचं पोचलं. "आणि न्हाय आलं तर?" तर समजायचं की पोचलं नाही, किंवा पोचलंय पण राग आलाय. "म्हणजे सेमच आहे की मॅडम, व्हॉट्सॲपसारखं!"

पिनकोडनं तर अख्खा तास खाल्ला. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला, पहिला आकडा विभागाचा, असं मी ऐटीत सांगत होते, आणि फळ्यावर आपल्या सांगलीचा लिहिला, 416416. लगेच चूक काढली गेली. "मॅडम, 416 दोनदा पडलंय." दोनदाच असतं म्हटलं, तर कुणाचा विश्वास बसेना. मग एकीनं विचारलं, "सहा आकडी म्हणजे हा पत्त्याचा ओटीपी का?" मी घाईत "हो, तसंच समज" म्हटलं. तीच माझी चूक. "मग रोज तोच कसा? असा ओटीपी कुणालाबी कळंल की." बाबा, तुम्ही चौतीस वर्षं शिकवलंत, पण हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला नसणार.

मी हल्ली हे सगळं एका वहीत टिपून ठेवते. नावं लिहीत नाही, फक्त वाक्यं आणि तारीख. परवा चाळत होते तेव्हा पुराचं एक सापडलं. सप्टेंबर संपत आला होता, आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी केव्हाच निवळलेलं. मी एकाला विचारलं, गृहपाठ का नाही केला? म्हणाला, "पुरात वाहून गेला, मॅडम." कुठला पूर रे? "2019 चा." तेव्हा तू दुसरीत होतास! "व्हय. तवापासनं सवयच मोडली." आता यावर काय बोलणार? त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि याच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता. हसावं की नाही ते कळेना, पण तोच एवढा खूश झाला होता स्वतःच्या उत्तरावर की मी हसले.

वाक्प्रचार आणि म्हणी तर विचारूच नका. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' या म्हणीचा अर्थ मी सांगत होते, तेवढ्यात तासगावकडून एसटीनं येणाऱ्या मुलाचा हात वर. त्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, दोन एकर. "पण मॅडम, ब्रिक्स न बघताच आंबट म्हणतंय व्हय त्ये?" वर्गातल्या निम्म्यांना ब्रिक्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग त्यानं उभं राहून समजावलं. मणी चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरून बघायचं, गोडी किती भरली ते आकड्यात दिसतं. हात असा डोळ्यासमोर धरला होता की जणू वर्गातच बाग आहे. एरवी या पोराच्या तोंडून एक ओळ वाचून घ्यायची म्हणजे दाढ उपटल्यासारखं. शेवटी म्हणाला, "आणि खरंच आंबट असली तर बेदाणाबी चांगला होत न्हाय. म्हणजे कोल्हं बरोबरच बोललं." म्हण राहिली बाजूला. मी त्याला खाली बस म्हटलं नाही, घंटा झाली तेव्हा तोच बसला.

आणि बाबा, हे खास तुमच्यासाठी. मी इतिहासाच्या तासाला बदलीवर गेले होते. प्रतिसरकारला लोक काय म्हणायचे, असं विचारलं. "पत्री सरकार!" शाब्बास. पत्री का? "पत्र्याच्या शेडात बसून कारभार करायचे म्हणून." क्रांतिसिंह नाना पाटलांच्या जिल्ह्यातली ही पोरं! आजोबा असते तर फितुरांच्या पायाला पत्री ठोकण्याचं खरं प्रकरण त्यांनी साभिनय करून दाखवलं असतं.

आई, तुला आवडेल असं एक. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, तिथून मराठी नाटक सुरू झालं, हे इथं प्रत्येक मुलाला पाठ असतं. ते ऐकून एकजण म्हणाला, "मग 1843 च्या आधी आया पोरांना काय म्हणायच्या?" म्हणजे? "माझी आई रोज म्हणती, नाटकं करू नको."

आता हे सगळं वाचून तुम्ही हसला असाल, आणि बाबा, तुम्ही तर ही वाक्यं उद्या सकाळी फिरायला जाताना सगळ्या मंडळींना सांगणार. सांगा. यात कुणाचं नाव नाही. पण मला एक जुनी गोष्ट काढायचीच आहे. सातवीत तुम्ही मला इतिहासाला होतात. चाचणीत प्रश्न होता, रयत शिक्षण संस्थेची स्थापना कोठे झाली? मला उत्तर येत होतं, 1919, कराडजवळचं काले. फक्त घाईत एक मात्रा राहिली. मी लिहिलं, 'स्थापना काल येथे झाली.' तुम्ही पेपर वाटताना वर्गात वाचून दाखवलंत. "काल झाली? मग आज उद्घाटन आहे का?" एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. संध्याकाळी देशपांडे काकूंकडे, रविवारी मामाकडे, मे महिन्यात लग्नाच्या पंक्तीत. मला दोन वर्षं "काय, काल का?" असं म्हणायचे सगळे. तुम्ही प्रेमानं सांगायचात, हे तेव्हाही कळायचं. पण मी त्यानंतर तुमच्या तासाला कधी हात वर केला नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का, हे मला पस्तीस वर्षं विचारायचं होतं.

वहीत नाव न लिहिण्याचं कारण तेच आहे. रागावून नाही लिहीत. आई, तू त्यांच्याकडे तशी बघू नकोस.

आता जे लिहिणार आहे ते मात्र घरातच ठेवा. फळ्यावर मी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. तिसऱ्या बाकावरचा एक आहे, वर्गाला हसवण्याचं कंत्राट त्याच्याकडेच असतं. हात वर न करताच बोलला, "मॅडम, वडिलांना तीर्थरूप का म्हणायचं? रोज संध्याकाळी तीर्थ घेऊन येतात म्हणून?" वर्ग फुटला. बाकं वाजवली पोरांनी. तोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मीही तोंडावर हात धरला, खोटं कशाला सांगू. मग बघितलं तर त्याचे कान लाल झालेले, आणि कर्कटकाच्या टोकानं बाकावर तीच एक रेघ पुन्हा पुन्हा ओढत होता. मी म्हटलं, आईवडील म्हणजे तीर्थाच्या जागी, म्हणून तीर्थरूप. आणि पुढं शिकवायला लागले. दुसरं काय करायचं ते मला त्या क्षणी सुचलं नाही, आजही सुचलेलं नाही.

गेल्या आठवड्यात चाचणी झाली. प्रश्न होता, 'सहलीला जाण्यासाठी परवानगी मागणारे पत्र वडिलांना लिहा.' त्याचा पेपर काल रात्री माझ्या हातात आला. अक्षर नेहमीसारखं, कोंबडीचे पाय. मायना लिहिलाय, 'तीर्थरूप आईस.' पुढं सगळं बरोबर. सहल प्रतापगडाला, खर्च किती, डब्यात काय, 'तू काळजी करू नको' सुद्धा. वडिलांचा उल्लेख कुठंही नाही.

नियमानं मायन्याचा गुण कापायला हवा. प्रश्नात 'वडिलांना' छापलंय. मी लाल पेन धरून बराच वेळ बसले आणि शेवटी पूर्ण गुण दिले. पण सकाळपासून मनात घोळतंय, की कापला नाही म्हणजे मी त्याचं वाचलं, हे त्याला कळणार. ते त्याला आवडेल का? बाबा, तुम्ही कापला असता का? पोस्टकार्डावर नको, याचं उत्तर पाकिटातून द्या.

बाकी ठीक. आई, तुझ्या तिळाच्या वड्या कालच संपल्या. शेवटच्या दोन जावईबापूंनी लपवून खाल्ल्या. भडंगाची दोन पाकिटं आणून ठेवलीत, कुणी साताऱ्याला येणारं मिळालं की पाठवते. बाबांना एका वेळी मूठभरच दे. मशीनचे सेलही त्याच पिशवीत आहेत.

तुमची,
बेबी
(वय वर्षे 47, हजेरीपटावर मॅडम)

ता. क. हे लिहिताना वर्गातलं आठवलं. ता. क. म्हणजे काय, असं विचारल्यावर पहिल्या बाकावरची म्हणाली, "ताक. जेवणाच्या शेवटी असतं तसं पत्राच्या शेवटी." मी तिला चूक म्हटलं नाही.