किल्ली घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या इमारतीत घर घेताना नमुना सदनिकेतील फरशी आणि सजावट बारकाईने न्याहाळणारे ग्राहक भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची, चौकशी मात्र क्वचितच करतात. ‘प्रमाणपत्र येईलच, तुम्ही फर्निचरचे काम सुरू करा,’ असे सांगून किल्ल्या हाती दिल्या जातात आणि पुढे महापालिकेच्या नळजोडाअभावी टँकरचा खर्च रहिवाशांच्याच माथी पडतो. महारेरा या राज्यातील गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख आणि मंजुऱ्यांचा तपशील पाहता येतो; तेवढी तसदी घ्यायलाच हवी. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, तसेच ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास तो विकसकाने विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणून पहिल्याच पावसाळ्यात स्नानगृहाचे छत आणि खिडकीखालची भिंत यांची ओल तपासून, छायाचित्रांसह लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तोंडी आश्वासनांवर (ती फारच गोड असतात) विसंबू नये. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीच्या प्रवेशद्वारावर तसा ठळक फलक लावणे महापालिकांनी सक्तीचे करावे.

— एक सदनिकाधारक, पुणे