नवरात्रात लाल तुरे हवेत तर

सोलापूर

प्रिय सिद्धू,
सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या नव्या घरापुढे लोंबत्या तुऱ्यांचा लाल राजगिरा लावायचा म्हणतोस, फार बरं वाटलं. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतलं, पण आपलं ऊन त्याला मानवतं. सोसत नाही ते काळ्या मातीत साचलेलं पाणी. मुळं कुजतात आणि उभं झाड बसतं.

म्हणून सपाट अंगणात लावू नकोस. वीतभर उंच गादीवाफा कर. वरच्या थरात मातीच्या निम्म्याने बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळ, चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगलं कुजलेलं शेणखत घाल आणि तिथेच थांब. युरिया तर नकोच. नत्र जास्त झालं की झाड पानांनी माजतं, खोड लुसलुशीत राहतं आणि तुरे उशिरा येतात. कुंडीत लावायचं तर १४ इंची घे, एका कुंडीत एकच रोप.

वेळ मात्र सांभाळ. दिवस लहान व्हायला लागले की हे झाड फुलोऱ्यावर येतं. दिवाळीनंतर पेरलंस तर अंगात जोर येण्याआधीच बारकासा तुरा काढून मोकळं होतं. आर्द्रा लागल्यावर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेर. जुलै-ऑगस्टमध्ये वाढून घेईल, नवरात्राच्या सुमारास तुरे भरतील.

बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये हजारावर दाणे. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत कालवून ओळीत टाक, वर चाळलेल्या खताचा २-३ मिलिमीटरचा थर दे. खोल गेलेलं बी वर येत नाही. पाणी झारीनेच. आठवड्याभरात उगवेल. कोवळी रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडली, तर ती मर. दाटी आणि अति पाणी हेच तिचं कारण, तेव्हा लगेच विरळणी कर. चार पानांवर आलं की दोन रोपांत ४५ सेंटीमीटर ठेव. सोटमुळाचं झाड आहे, हलवायचं तर याच वयात, संध्याकाळी, मुळाच्या मातीसकट हलव. उपटलेली रोपं माठासारखी भाजीला चालतात, पण पाकिटातलं बी औषध चोळलेलं असेल तर खाऊ नका.

दुपारी पानं मान टाकतात. तेवढ्यावरून पाणी घालू नकोस. बोट दोन इंच खुपस, ओल लागली तर संध्याकाळी झाड आपोआप सावरतं.

पानं जाळीने गुंडाळलेली दिसली की आत अळी असते. ती पानं खुडून टाक आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवार: ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळ, उन्हं उतरल्यावर मार. खोडावर गाठ येऊन झाड अचानक सुकलं, तर खोडकिडीची अळी आत असते. तिथवर फवारा पोचत नाही. ते झाड उपटून जाळलेलं बरं. पानाखाली पांढरे फोड म्हणजे पांढरा तांबेरा, बुरशीचा रोग, तिथे हवा खेळती कर.

आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, आणि नेमके तेव्हाच दीड-दोन फुटी तुरे लोंबत असतात. भिजले की वजन दुप्पट वाटतं, झाड मुळासकट कलतं. झाड गुडघ्याएवढं असतानाच शेजारी पाच फुटी बांबू रोव, म्हणजे पुढे मुळं दुखावणार नाहीत. सुतळी आठच्या आकड्यात, सैल बांध. तुऱ्यांचा रंग पाण्यात उतरतो, पांढऱ्या फरशीलगत लावू नकोस.

वाळवून ठेवायचे तुरे पाऊण फुलले की काप, अंधाऱ्या, हवेशीर खोलीत टांग. उन्हात रंग उडतो. बियांचा तुरा मात्र झाडावरच पिकू दे. तळहातावर चोळून दाणे सुटले की काप, कापडावर सावलीत वाळव, सुपात पाखड. जवळ काटेमाठ वाढू देऊ नकोस, वाऱ्याने परागकण येऊन पुढच्या पिढीत भेसळ होऊ शकते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मल्लू