नाताळात घरी येण्याआधी

प्रिय आई आणि बाबा,

ख्रिस्तात प्रेमाचा सलाम.

डिसेंबरातल्या चंगाई सभेला मी येणार का, आणि पीएच.डी. सोडून नगरला परतणे बरे नाही का, असे दोन प्रश्न आईने पत्रात विचारले आहेत. फोनवर हा विषय निघाला की आईला रडू येते आणि बाबा गप्प होतात, म्हणून उत्तर लिहूनच पाठवते आहे.

माझ्या आजाराचे निदान झाले तेव्हा मंडळीतल्या काही जणांनी तुम्हाला जे विचारले, त्याचे उत्तर बाबा अजून शोधत आहेत, हे मला ठाऊक आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यही तेच विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही शक्यता नाकारल्या. वैद्यकशास्त्राचे म्हणणेही ऐका. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा हा माझा आजार, होण्यासाठी पाचव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची सदोष प्रत आई आणि वडील अशा दोघांकडूनही यावी लागते. सुमारे 40 ते 60 माणसांमागे एकजण अशी प्रत बाळगून असतो, त्याला स्वतःला काहीच त्रास होत नाही आणि तपासणी केल्याशिवाय ते कळतही नाही. अशा दोघांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता 25 टक्के असते. दादाच्या वाट्याला तो आला नाही, माझ्या आला. यात तुम्ही केलेले किंवा करायचे राहून गेलेले काहीही नाही.

सभेला मी येणार नाही. प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे, तर व्यासपीठासमोर माझी चाकांची खुर्ची उभी करून सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहत राहावे, हे मला आता सोसवत नाही म्हणून. देहातला काटा काढावा अशी विनंती पौलाने तीनदा केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच त्याला सांगण्यात आले, आणि त्याने चौथ्यांदा मागितल्याचे कुठे लिहिलेले नाही. तुम्ही माझ्यासाठी जरूर मागा, पण श्वासासाठी मागा आणि उजव्या हाताच्या बोटांसाठी मागा, कारण प्रबंध त्यांच्यावरच अवलंबून आहे.

अभ्यासाबद्दल तुम्हाला नीट सांगायचे राहूनच गेले. 1842 मध्ये आपल्याच नगरात सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांवर माझे काम चालले आहे. पाने इतकी ठिसूळ झाली आहेत की धडधाकट माणसालाही ती जपूनच उलटावी लागतात. माझ्यासाठी मदतनीस ताई ती उलटतात, छायाचित्रे घेतात, आणि खोलीवर आल्यावर मी पडद्यावर अक्षरे मोठी करून वाचते व टिपणे बोलून संगणकाकडून लिहवून घेते. (मी ‘बाप्तिस्मा’ म्हटले की तो ‘बाप स्मार्ट’ लिहितो, बाबांनी हे मनावर घेऊ नये.) आमच्या इमारतीचा रॅम्प मात्र खुर्ची मागे घसरावी इतका चढा आहे. फूटभर उंचीला बारा फूट उतार हवा असा दंडक आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने इमारत सुगम करून देणे हे उपकाराचे काम राहिलेले नाही, असे मी अर्जात लिहिले आहे. अर्ज फिरतो आहे.

रात्री झोपेत माझा श्वास उथळ होतो, म्हणून बायपॅप या श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा मुखवटा लावून झोपते. सकाळी उठल्यावर डोके दुखायचे, ते त्यामुळे थांबले. कूस मात्र अजून दुसऱ्यानेच बदलून द्यावी लागते. कधी खुबा ठणकू लागतो, पण ताईंना हाक मारायला जीव होत नाही, तेव्हा बाबांनी लहानपणी पाठ करून घेतलेले 121 वे स्तोत्र मी मनात म्हणते. इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही, असे त्यात आहे. ताईंना मात्र झोप लागते, आणि ती लागायलाच हवी. स्तोत्र संपूनही ठणका राहिला तर मी त्यांना उठवते. देवाने मला सांभाळले ते बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी हातांनी, आणि ते हात फक्त तुमचेच असावेत असा त्याचा हट्ट मला तरी कधी दिसला नाही. म्हणून परत येण्याचा विचार नको. तुमच्यानंतर माझे कसे होईल, याची तयारी तुम्ही असतानाच इथे चालली आहे.

नाताळात मात्र मी नक्की येते, पण बाबांनी मला उचलायचे नाही. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना वजन उचलण्याची मनाई केली आहे आणि मी काही आता संडे स्कूलमधली मुलगी नाही. झोळी लावून माणसाला उचलणारे यंत्र इथे भाड्याने मिळते, ते मी सोबत आणते आहे. त्याचे पाय पलंगाखाली जावे लागतात, तेव्हा खाली निदान पाच इंच मोकळी जागा आहे का ते मोजून कळवावे. नसेल तर खुरांखाली विटा लावाव्या लागतील आणि आईला तिच्या ट्रंका तिथून हलवाव्या लागतील. बायपॅपसाठी इन्व्हर्टरची बॅटरी तपासून घ्यावी. देवळाच्या पायऱ्यांवर टाकायच्या फळीचे पाळकसाहेबांशी मीच बोलते.

तुमची,
धाकटी