कायद्यातला एक शब्द : लिस्बनमधील लेकीस पत्र

फोंडा, गोवा

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू सांगितलेस की संशोधनवृत्तीची ती जाहिरात तू दोनदा वाचलीस आणि बाजूला ठेवून दिलीस, कारण ती आपल्यासारख्यांसाठी नसावी असे तुला वाटले. त्या वेळी मी काही बोलले नाही. तू पाठवलेला कागद काल सकाळी कोर्टात जाण्यापूर्वी मी सावकाश वाचला. त्याविषयी शेवटी लिहिते. त्याआधी तू राहतेस त्याच शहरात घडलेली एका बाईंची हकीकत तुला सांगायची आहे. वकिलीच्या इतक्या वर्षांत मला तिच्याइतकी जवळची वाटलेली दुसरी हकीकत नाही.

कारोलिना बियात्रिझ आंजेलो यांचा जन्म १८७८ सालचा, ग्वार्दा या डोंगराळ मुलखातल्या गावचा. १९०२ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि लिस्बनच्या सांव जुझे रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारी पहिली पोर्तुगीज स्त्री म्हणून त्यांचे नाव झाले. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमधली राजेशाही संपून प्रजासत्ताक आले. त्या क्रांतीसाठी लागणारे झेंडे गुपचूप शिवण्याचे काम ज्या दोघींवर सोपवले होते, त्यांपैकी एक या होत्या. नव्या सरकारने घटना समितीची निवडणूक जाहीर केली आणि मार्च १९११ मध्ये मतदार कोण याचा कायदा काढला. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेला पोर्तुगीज नागरिक, ज्याला लिहिता-वाचता येते किंवा जो कुटुंबप्रमुख आहे, तो मतदार, असा त्याचा आशय होता. ‘पुरुष’ हा शब्द त्यात कोठेही नव्हता. तो लिहिण्याची गरज कोणाला वाटलीच नव्हती, इतके ते सगळ्यांनी गृहीत धरले होते.

कारोलिना यांचे पती त्याआधीच्या वर्षी वारले होते. घरात लहान मुलगी होती आणि दोघींचा संसार त्यांच्या कमाईवर चालत होता. म्हणजे वय होते, शिक्षण होते, कुटुंबप्रमुखपणही होते. त्यांनी मतदार यादीत नाव घालावे म्हणून अर्ज केला. तो नाकारला गेला, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. २८ एप्रिल १९११ रोजी न्यायाधीश जुआंव बाप्तिस्ता दे कास्त्रो यांनी निकाल दिला की कायद्याने स्त्रियांना वगळलेले नाही, सबब अर्जदाराचे नाव यादीत घालावे. महिन्याभराने, २८ मे रोजी, एस्तेफानिया क्लबातल्या मतदान केंद्रावर त्यांनी मत दिले. पोर्तुगालमध्ये मत देणारी ती पहिली स्त्री.

या न्यायाधीशांची कन्या आना दे कास्त्रो ओझोरिओ ही स्वतः स्त्रियांच्या चळवळीतली अग्रणी होती, म्हणून निकालाला नात्याचा वास येतो असे कोणी म्हणेल. मी वकील म्हणून सांगते, की त्या निकालाचा तर्क स्वतःच्या पायांवर उभा आहे. कायदा करणाऱ्याच्या मनात काय होते, हे त्याने लिहिलेल्या शब्दांवरून ठरवायचे असते आणि जे लिहिलेले नाही ते न्यायालयाने आपल्या पदरचे घालायचे नसते. आपल्याकडच्या दाव्यांच्या कागदांतही ‘अर्जदार’, ‘वादी’, ‘वारस’ हे शब्द बहुधा पुल्लिंगी चालवलेले असतात, आणि तरीही माझ्याकडे येणाऱ्या विधवांचे अर्ज त्याच शब्दांखाली दाखल होतात. कारोलिना यांनी नवा कायदा मागितला नाही, सवलत मागितली नाही. समोर असलेला कायदा जसा लिहिला होता तसा वाचला आणि त्यात आपण बसतो, एवढेच सांगितले.

पुढची गोष्ट सांगताना मला दर वेळी वाईट वाटते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, कारोलिना वारल्या. त्यानंतर १९१३ मध्ये, ज्या प्रजासत्ताकाचे झेंडे त्यांनी शिवले होते त्याच प्रजासत्ताकाने निवडणूक कायदा बदलला आणि मतदार हा पुरुषच असला पाहिजे असे स्पष्ट लिहून टाकले. तरुण असताना मी याला पराभव समजत असे. आता वाटते की कायदा बदलावा लागला, यातच कारोलिना यांचे वाचन बरोबर होते याची कबुली आहे. त्यांचे वाचन चुकले असते, तर तो शब्द घालण्याची गरजच पडली नसती.

झेंडे शिवणाऱ्या दुसऱ्या बाई म्हणजे आदेलायद काबेते. त्यांच्याविषयी तुझ्या आजीने वाचले असते तर ती फार हरखली असती, कारण पोर्तुगीज राजवटीत कसेबसे सेगुंद ग्राव, म्हणजे प्राथमिक शाळेची परीक्षा, उत्तीर्ण होऊन आजीचे शिक्षण थांबले आणि ती खंत तिने जन्मभर बाळगली. आदेलायद यांचा जन्म १८६७ मध्ये एल्वाश येथे एका गरीब घरात झाला. लहानपणी त्यांनी आलुबुखार वाळवण्याच्या कामावर आणि लोकांच्या घरी राबून दिवस काढले. अठराव्या वर्षी लग्न झाले. पती सैन्यात सार्जंट होते आणि त्यांनी बायकोला शिकण्याचा आग्रह धरला. प्राथमिक परीक्षा त्यांनी बाविसाव्या वर्षी दिली आणि १९०० साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गरीब गरोदर स्त्रियांचे संरक्षण. ज्या घरांतून त्या आल्या होत्या त्याच घरांकडे त्यांनी पदवी मिळताना पाहिले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९१४ मध्ये पोर्तुगीज स्त्रियांची राष्ट्रीय परिषद त्यांनीच स्थापन केली.

आणि आना यांचे ऋण तर माझ्या टेबलावर रोज असते. प्रजासत्ताक येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा ३ नोव्हेंबर १९१० रोजी घटस्फोटाचा कायदा निघाला. न्यायमंत्री आफोन्सो कोश्ता यांना त्या कामी आना यांचे साहाय्य झाले होते. त्या कायद्यात नवऱ्याचा व्यभिचार आणि बायकोचा व्यभिचार ही घटस्फोटाची सारखीच कारणे मानली आहेत. पोर्तुगालने पुढे स्वतःचे कायदे बदलले, मात्र आपल्या गोव्यात आम्ही आजही तो कायदा उघडून युक्तिवाद करतो. १८६७ च्या नागरी संहितेचेही तसेच. लग्नाने बायकोला मालमत्तेचा निम्मा हक्क मिळतो, याचे आपण गोंयकार कौतुक करतो आणि ते रास्तही आहे. पण त्याच संहितेने त्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती ठेवला होता, हे विसरू नये. कायदा अर्धा उदार असू शकतो, हे तिथल्या बायकांना आपल्याआधी कळले होते.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळाविषयी तू मागे विचारले होतेस. आपल्या लोकांना आग्वादच्या तुरुंगात डांबणारी राजवट म्हणून आपण ती ओळखतो, पण तिच्या खाली तिथल्या बायकाही दबलेल्या होत्या, हे मला फार उशिरा समजले. १९३१ मध्ये स्त्रियांना मत मिळाले ते माध्यमिक किंवा विद्यापीठाचे शिक्षण झालेल्यांनाच. पुरुषाला मात्र लिहिता-वाचता आले की पुरे होते. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीवाचून परदेशी जाता येत नसे आणि हे १९६९ पर्यंत चालले. १९ मे १९५४ रोजी आलेंतेजु प्रांतातल्या बालेइझांव गावी कातारिना एउफेमिया ही सव्वीस वर्षांची शेतमजूर, तीन मुलांची आई, कापणीची मजुरी वाढवून मागायला इतर बायकांबरोबर गेली आणि शिपाई दलाच्या अधिकाऱ्याने तिला गोळ्या घालून मारले. पुढच्याच वर्षी आपल्या सुधाताई जोशी म्हापशाला सत्याग्रह करून त्याच राजवटीच्या तुरुंगात गेल्या. या दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते. मला मात्र आता एकीची आठवण दुसरीवाचून होत नाही.

२५ एप्रिल १९७४ रोजी ती राजवट कोसळली. उपाहारगृहात काम करणाऱ्या सेलेस्त कायेरु या बाईंनी त्या सकाळी सैनिकांना कार्नेशनची फुले दिली आणि क्रांतीला त्या फुलांचेच नाव पडले, हे तू तिथे दर एप्रिलमध्ये पाहतेसच. त्यानंतर स्त्रियांच्या मतावरची सगळी बंधने गेली आणि १९७५ च्या घटना समितीच्या निवडणुकीत स्त्री-पुरुष सारख्याच हक्काने रांगेत उभे राहिले. कारोलिना यांनी मत दिले तीही घटना समितीचीच निवडणूक होती. मध्ये चौसष्ट वर्षे गेली.

मारिया दे लुर्देश पिंतासिल्गो यांच्याविषयी तुला विशेष लिहायचे आहे, कारण त्या तुझ्यासारख्याच विज्ञानशाखेतल्या. १९५३ मध्ये त्यांनी लिस्बनच्या तंत्रशिक्षण संस्थेतून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, आणि ऑगस्ट १९७९ ते जानेवारी १९८० अशी पाच महिने त्या देशाच्या पंतप्रधान होत्या. पोर्तुगालला लाभलेल्या त्या एकमेव स्त्री पंतप्रधान. निवडणुका होईपर्यंत कारभार पाहावा, एवढ्याचसाठी ते सरकार नेमले होते. तरीही त्यांनी सामाजिक सुरक्षेचा लाभ पूर्वी त्यापासून वंचित राहिलेल्यांपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले. १९८६ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. मुदत थोडी आहे म्हणून काम थोडे करावे असे त्यांना वाटले नाही, यासाठी मला त्या आवडतात.

एल्विरा फोर्तुनातो यांच्याविषयी मी तुला काय सांगणार? साध्या कागदाचाच विद्युतरोधक थर म्हणून उपयोग करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कागदी ट्रान्झिस्टर केला, हे तूच मला स्वयंपाकघरात डाळ निवडता निवडता समजावले होतेस, आणि त्या पुढे विज्ञानमंत्री झाल्याचेही तूच कळवलेस. तू त्या देशी जाण्याचे ठरवलेस त्यामागे त्यांचे नाव होते, हे मी विसरलेले नाही.

आता तुझ्या जाहिरातीविषयी. पात्रतेच्या पाच अटी आहेत. पहिल्या तिन्हींत तू बसतेस, याविषयी तुलाही शंका नाही. चौथीत ‘संशोधक’ हा शब्द पुल्लिंगी आहे, तो पोर्तुगीज व्याकरणाचा रिवाज आहे आणि त्याने कोणी बाद होत नाही. तू अडलीस ती पाचव्या अटीवर. तिथे परदेशी उमेदवारांना मनाई आहे असे तू म्हणालीस. मी ते वाक्य तीनदा वाचले. त्यात मनाई नाही. निवड झाल्यावर, करार करतेवेळी, वैध निवास परवाना दाखवावा, एवढेच त्यात आहे आणि तो तुझ्याजवळ पुढच्या वर्षाच्या जूनपर्यंतचा आहे. कार्यालयात कोणी तोंडी वेगळे सांगितले, तर ते लेखी मागून घे आणि मला पाठव.

पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत बाबा उद्या पणजीहून करून आणतील आणि परवा कुरिअरने निघेल. सोबत कोकमे आणि थोडे पोहे घालते. लोउरेश येथे २०१२ साली सुरू झालेल्या मोठ्या रुग्णालयाला बियात्रिझ आंजेलो यांचे नाव दिले आहे. तुला सवड होईल तेव्हा एकदा तिकडे जाऊन त्या पाटीचा फोटो मला पाठव, मी तो कचेरीत लावणार आहे. मात्र आधी अर्ज. मुदत पंधरा तारखेच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत आहे आणि ती लिस्बनच्या घड्याळाप्रमाणे आहे.

तुझी,
आई